मापाचं पोलकं

अंकाच्या संपादकांनी पत्रात लिहिलं, ‘दुकानातली गमतीदार गिऱ्हाइकं आठवून लिहा, वाचकांना दिवाळीत हसू आलं पाहिजे.’ गमतीदार गिऱ्हाइकं मला पुष्कळ मिळाली. देपालपूरच्या एका पाटलीणबाईंनी आपलं माप सुतळीला गाठी मारून पाठवलं होतं. एक गाठ छातीची, एक कंबरेची, एक बाहीची. सुतळी आणणाऱ्या गड्यानं वाटेत गाडीवरचं ओझं आवळायला तीच वापरली आणि इंदूर जवळ आल्यावर आपल्या अंदाजानं पुन्हा गाठी मारल्या. त्या मापानं मी इमानदारीत पोलकं शिवलं. ते त्यांच्या म्हशीला आलं असतं.

असे दहा-पंधरा किस्से मी सांगू शकेन. पण पत्र आल्यापासून मला एकच गिऱ्हाईक आठवतंय, आणि ते गमतीदार नव्हतं. गंमत मी केली होती. आता हात कापतो, सुईत दोरा सून ओवून देते, तेव्हा लिहायचं तर हेच लिहून टाकावं असं वाटलं. संपादकांनी हवं तर परत पाठवावं.

आमचं दुकान राजवाड्यामागच्या एका गल्लीत होतं. गल्लीचं नाव लिहीत नाही आणि माणसांची नावं बदलली आहेत. माझा बाप दरबारी मंडळींचे अंगरखे शिवायचा. गुलाबी, पिस्तई, मोतिया रंगाचे, रेशमी, कळ्या लावून घेर काढलेले. भिकबाळी घातलेले, मोत्यांचे सर ल्यालेले मिशाळ सरदार आमच्या आरशापुढं उभे राहून घेर कसा फिरतो ते वळून वळून बघायचे. लहानपणी मी ते रोज पाहिलं आणि त्यातल्या कुणाला कुणी बायकी म्हटलेलं ऐकलं नाही.

मग संस्थान गेलं. मध्यभारत नावाचं राज्य झालं, ते आठेक वर्षं टिकलं. अंगरखे पेटीत गेले आणि साहेब लोक बुशशर्ट मागायला लागले. त्या कामाला मोठ्या रस्त्यावर इलेक्ट्रिकच्या दिव्यांची दुकानं होती. मला संसार चालवायचा होता, म्हणून कोटांच्या जोडीनं मी बायकांची पोलकी शिवायला घेतली. हात बरा होता, काम वाढत गेलं, आणि दोन-तीन वर्षांत गल्लीत मला ‘लेडीज मास्टर’ म्हणायला लागले. म्हणणारे हसून म्हणायचे. मीही हसायचो, पण ते मला लागायचं. सरदारांच्या शिंप्याचा मुलगा मी.

बाहेरच्या माणसाला या धंद्यातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या काळी मराठी घरातली बाई पुरुष शिंप्याला अंगाला टेप लावू देत नसे. ती दुकानात येतही नसे. अंगाला नीट बसणारं एक जुनं पोलकं ती नवऱ्याबरोबर किंवा मुलाबरोबर नव्या कापडासोबत पाठवायची. त्याला मापाचं पोलकं म्हणत. आम्ही ते मेजावर पसरून मापं घ्यायची, वहीत लिहायची आणि नवं शिवून होईपर्यंत जुनं दुकानातच ठेवायचं, कारण मधेच मुंढा, म्हणजे बाही जोडायचा घेर, किंवा गळा ताडून बघावा लागतो. घरातल्या बाईच्या अंगावरचं वापरलेलं कापड आठ-दहा दिवस परक्या पुरुषाच्या फळीवर राहायचं. बापाच्या वेळी अंगरखे बांधायचं आमचं एक धुवट फडकं होतं, त्यात मी ही पोलकी बांधून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवायची. कुणाला दाखवायची नाहीत आणि कुणाचं कुणाला सांगायचं नाही. गिऱ्हाइकाचं अंग बाहेर सांगायचं नाही, हे कात्री हातात देण्याच्या आधी बापानं मला शिकवलं होतं.

सांगण्यासारखं त्यात पुष्कळ असतं. कुठल्या घरात बाई आजारानं वाळली, कुणाला दिवस गेलेत, कुणाची बाही ओढाओढीत फाटली आहे, हे शिंप्याला सासूच्या आधी कळतं. मी सगळं बघायचो आणि गप्प शिवायचो. याचा मला अभिमान होता. त्या अभिमानाची आता लाज वाटते.

भास्करराव आमच्याच गल्लीत राहायचे. जुन्या संस्थानी घराण्यातले, आजोबा फौजेत होते, हे स्वतः सेक्रेटरिएटमध्ये रेकॉर्डकीपर. उंच, अबोल, अक्षर सुरेख. मध्यभारताला राजधान्या दोन होत्या, उन्हाळ्यात इंदूर आणि हिवाळ्यात ग्वाल्हेर. सगळं ऑफिस फायलींच्या पेट्यांसकट वर्षातून दोनदा हलायचं आणि कारकून मंडळी त्याच्या मागं. मुलीच्या शाळेसाठी भास्कररावांनी बिऱ्हाड इंदुरातच ठेवलं होतं. ग्वाल्हेरला ते सहा-साडेसहा महिने एक खोली घेऊन एकटे राहत.

त्यांचा गळाबंद कोट मी शिवला होता. त्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच उतरता होता. असे खांदे पुष्कळांचे असतात. कोटात आत थोडा कापूस भरला की बाहेरून कळत नाही. वहीत मी लिहून ठेवलं होतं, ‘डावा अर्धा कमी’.

एका वर्षी पावसाळा सरता सरता, ऑफिस ग्वाल्हेरला निघायच्या आधी, ते कागदात गुंडाळलेलं पोलकं आणि कापड घेऊन आले.

“रामभाऊ, दोन शिवायची आहेत. मंडळींचं माप आहे.”

“कधीपर्यंत देऊ?”

“जल्दी काही नाही. निघायच्या आत मिळाली की झालं.”

ते गेल्यावर मी पोलकं पसरलं. संपूर्ण हातानं शिवलेलं होतं. टाके इतके बारीक आणि सारखे की मी दोन मिनिटं नुसता ते बघत राहिलो. पाठ रुंद होती, पुढं जागा अगदी कमी होती. वाटलं, वहिनी आडव्या बांध्याच्या असतील. मी त्यांना तोवर लांबूनच पाहिलं होतं, पदर घेतलेल्या. मापं लिहिता लिहिता डाव्या खांद्यापाशी हात थांबला. तिथं आतून अर्धा इंच घेतलेला होता. उजव्या बाहीच्या कडेला निळ्या-काळ्या शाईचा एक ठिपका होता, धुऊनही न गेलेला. मी वहीत चार पानं मागं गेलो आणि कोटाचं माप काढलं. खांदा सतरा, डावा अर्धा कमी. पोलक्याचा खांदाही सतराच.

खरं सांगतो, आधी मला हसूच आलं. मग थोडं भ्यालो. मग मी पोलकी शिवली, कारण शिवायला घेतलेलं कापड परत करायचं कारण काय सांगणार होतो. त्या पहिल्या वेळी मला काही कळलं नाही असं दाखवायला मी दोन्ही खांदे सारखे ठेवले.

पुढच्या वर्षी मी शिवलेल्या त्या दोनांतलंच एक पोलकं मापाला म्हणून परत आलं. ग्वाल्हेरचा हिवाळा त्यानं पाहिलेला होता. डाव्या खांद्याला पुन्हा तेच बारीक टाके घालून अर्धा इंच घेतला होता. त्या वर्षी मी कागदावरच डावा खांदा उतरता कापला. न्यायला आले तेव्हा त्यांनी ते उलगडून पाहिलं, खांद्याच्या शिवणीवरून अंगठा फिरवला.

“या वेळी खांदा बरोबर आलाय,” ते म्हणाले.

“हो. मागच्या वेळी माझ्या लक्षात राहिलं नव्हतं.”

आम्ही दोघांनीही एकमेकांकडं पाहिलं नाही. पण त्या दिवसापासून आमच्यात एक करार झाला असं मी समजलो. ते म्हणायचे, ‘मंडळींना पुढं सैल आवडत नाही,’ आणि मी छातीला फुगवटा देणारे पुढचे टक जवळजवळ काढूनच टाकायचो. ते म्हणायचे, ‘पाठीत जरा मोकळं असू द्या,’ मी दोन बोटं सोडायचो. हे कापड ते ग्वाल्हेरच्या खोलीत कधी अंगावर घालत, त्यावर काय नेसत, घालून काय करत, मला ठाऊक नाही. बाहीवरच्या शाईवरून वाटायचं की पत्रं लिहीत असावेत. मी विचारलं नाही आणि विचारायचं कारणही नव्हतं.

एका वर्षी त्यांनी लाल खण आणला, हिरव्या काठांचा.

“काठ दोन्ही बाह्यांवर यायला पाहिजेत,” ते म्हणाले.

“तसं केलं तर कापड जास्त जाईल.”

“जाऊ द्या. खण त्यांनीच निवडलाय.”

मी मान डोलावली. मनात म्हटलं, भला माणूस आहे, खोटंही पूर्ण निभावतो. ते पोलकं मी दहा दिवस शिवत होतो. बाह्यांचे काठ समोरासमोर आले, पाठीवरची वेल एका रेषेत बसली, अस्तराची एकही शिवण वरून दिसत नव्हती. माझ्या हातून निघालेलं सगळ्यात नीट काम ते. ते घालून माझ्या आरशापुढं कुणी सरदार उभा राहणार नव्हता, तरी शिवताना मला बापाची आठवण यायची.

आता रंगपंचमीवर येतो.

इंदूरची रंगपंचमी म्हणजे होळीपेक्षा मोठी. रंग उधळत मोठी मिरवणूक, म्हणजे गेर निघते, सगळं शहर रस्त्यावर. आमच्या गल्लीचंही एक टोळकं असायचं आणि त्याचा म्होरक्या बाळूभिया. दुधाचा धंदा, तालमीतलं शरीर, गळ्यात जाड साखळी, आवाज चौकापर्यंत. त्या वर्षी त्यानं ठरवलं की टोळक्यातल्या आठ जणांनी बायका बनून नाचायचं. तो पोलकी सांगायला आला तेव्हा दुकानात त्याचे चार-पाच दोस्त होते, शिवाय समोरचा पानवाला.

“मास्टर, आठ ब्लाउज पाहिजेत. फिटिंग-बिटिंगची जरूरत नाही. बघणाऱ्याला हसू आलं पाहिजे, बस.”

“छातीत किती ठेवू?”

“खूप ठेव भिया. आत चिंध्या भरून राहिलो आपण.”

सगळे हसले. मी टेप काढली आणि त्याच्या छातीला लावली. तो लाजल्यासारखं करून कमरेत वाकला. पुन्हा हशा.

“अरे, हा तर रोज हेच करतो,” बाळूभिया दोस्तांना म्हणाला. “दिवसभर बायकांच्या ब्लाउजमधे डोकं घालून बसतो. बघा त्याचा हात कसा चालतो, नाजूक. मास्टर, खरं सांग, शिवून झाल्यावर एकदा घालून पाहत असशील की नाही? तुझा बाप सरदारांचा शिंपी, आणि तू पुरा बाईच होऊन गेलास यार.”

पानवाला इतका हसला की त्याला ठसका लागला. मी हसत हसत काहीतरी बोलून विषय बदलू शकलो असतो, रोज बदलायचोच. त्या दिवशी मला वाटलं, हे हसणं माझ्यावरून उठवून दुसऱ्या कुणावर तरी टाकलं पाहिजे. आणि टाकायला माझ्याकडं माणूस होता.

“मी नाही घालून पाहत,” मी म्हणालो. “पण घालणारा एक आहे. आपल्याच गल्लीत. त्याच्या कोटाचं आणि ब्लाउजचं माप एकच आहे माझ्या वहीत.”

मग एकदम सगळे बोलायला लागले. कोण, कोण, नाव सांग.

“नाव नाही सांगणार,” मी म्हणालो. मला त्या क्षणी फार बरं वाटत होतं. सगळे माझ्याकडं बघत होते आणि कुणी मला हसत नव्हतं. “एवढंच सांगतो, उन्हाळ्यात इथं असतो तेव्हा मर्द असतो.”

ऑफिसबरोबर ग्वाल्हेरला जाणारा आमच्या गल्लीत एकच माणूस होता. हे मला ठाऊक नव्हतं असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. ठाऊक होतं. नाव घेतलं नाही म्हणजे आपण काही केलं नाही, अशी पळवाट ठेवून मी बोललो होतो. आणि आणखी एक गोष्ट मला ठाऊक होती. भास्करराव रंगपंचमीला रजा घेऊन घरी येणार होते, कारण त्यांच्या मुलीची, सुधाची सोयरीक देवासच्या एका घरात जवळजवळ ठरली होती आणि ती मंडळी बैठकीला येणार होती. सुधाची पोलकीसुद्धा मीच शिवायला घेतली होती.

ती आठ ढगळ पोलकी मी वेळेवर दिली. रंगपंचमीच्या दिवशी गेरीला जाण्याआधी टोळकं ढोल वाजवत गल्लीत शिरलं. पुढं बाळूभिया, कपाळाला मोठं कुंकू, लुगडं गुडघ्यापर्यंत, माझ्या पोलक्यात चिंध्या भरलेल्या. त्याच्या मागं सात जण. बायका गच्चीवरून हसत होत्या, पोरं नाचत होती. या आठ जणांना त्या दिवशी कुणी नावं ठेवली नाहीत, उलट त्यांच्या मर्दानगीचं कौतुकच होत होतं. मी दुकानाच्या ओट्यावर उभा होतो.

ढोल भास्कररावांच्या दारासमोर थांबला आणि थांबूनच राहिला.

“ओ ग्वाल्हेरवाली, बाहेर ये ना,” बाळूभिया ओरडला. “आपण सगळ्या मैत्रिणी आलो तुला न्यायला.”

वरच्या खिडकीत देवासचे पाहुणे उभे होते. आदल्या दिवशी आले होते, इंदूरची रंगपंचमी बघायला मुद्दाम थांबलेले. मुलाचे काका आधी हसत होते. मग कुणीतरी खालून ‘कोट काढ आणि ब्लाउज दाखव’ असं म्हटलं आणि ते हसायचे थांबले.

भास्करराव बाहेर आले. अंगात मी शिवलेला कोट होता. त्यांनी हात जोडले, सगळ्यांच्या कपाळाला गुलाल लावला, आतून बताश्यांचं ताट मागवलं. एखाद्याला वाटलं असतं त्यांना काही ऐकूच आलं नाही. तेवढ्यात टोळक्यातल्या एकानं खांद्यावरचं जादा लुगडं काढून त्यांच्या हातात कोंबलं.

“नेसून दाखवा, साहेब. बघू तर.”

ते लुगडं रंगानं भिजलेलं, चुरगळलेलं होतं. भास्कररावांनी ते झटकलं. मग काठाला काठ लावून, पदर आत घेऊन, निऱ्यांची बाजू सारखी करत त्यांनी त्याची घडी घातली. मी मनात म्हणत होतो, इतकी नीट घालू नका, कशीही गुंडाळा आणि द्या. पण त्यांच्या हातांना कापड वाईट हाताळायची सवय नव्हती. चौकोनी घडी त्यांनी त्या माणसाच्या हातावर ठेवली. खाली मोठा हशा झाला. वरच्या खिडकीतून काका आत गेले.

भास्कररावांची नजर गर्दीवरून फिरत माझ्यापर्यंत आली. मी ओट्यावरून खाली उतरलो नाही, आतही गेलो नाही. माझ्या अंगावर रंग नव्हता, त्यामुळं तोंड लपवायचीही सोय नव्हती.

आठवड्यात देवासहून पोस्टकार्ड आलं, पत्रिका जमत नाही. गल्लीत सगळ्यांना कळलं. पत्रिका दोन महिन्यांपूर्वीच जमलेली होती, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

ग्वाल्हेरला परत जायच्या आदल्या दिवशी दुपारी भास्करराव दुकानात आले. मी उभा राहिलो. काय बोलायचं ते मी सात दिवस घोकत होतो, त्यातलं काही आठवेना.

“रामभाऊ, वही काढा.”

मी काढली.

“माझ्या कोटाचं माप कुठल्या पानावर आहे?”

मी दाखवलं. त्यांनी चष्मा लावला आणि रेकॉर्ड वाचावं तसं वाचलं. मग पुढची पानं उलटून ‘मंडळींचं’ म्हणून लिहिलेलंही वाचलं.

“अक्षर चांगलं आहे तुमचं,” ते म्हणाले. “ही दोन्ही पानं मला द्या.”

“भास्करराव, मी नाव घेतलं नव्हतं.”

हे वाक्य तोंडातून गेलं आणि मला कळलं की सात दिवसांत मी फक्त हेच घोकलं होतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागावलेले दिसले असते तर मला सोसलं असतं. हिशेबात चूक सापडलेल्या ज्युनिअरकडं बघावं तसं बघितलं त्यांनी, थोडं थकून.

“आम्ही रेकॉर्डवाले,” ते म्हणाले. “फाइलीत काय आहे ते आम्हाला पाठ असतं. घरी जाऊन मी कधी सांगितलं नाही.”

मी पानं फाडून दिली. त्यांनी ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. त्यानंतर ते कोट दुसरीकडं शिवायला लागले. मोठ्या रस्त्यावरच्या त्या टेलरनं डाव्या खांद्यात कापूस भरला नव्हता. ते गल्लीतून जाताना मला रोज दिसायचं, खांदा उतरलेला.

बाळूभियानं दुसऱ्या वर्षी दुसरी काहीतरी शक्कल काढली आणि ही विसरून गेला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला कुणी फडक्यात बांधून काही विश्वासानं दिलेलं नव्हतं. मला दिलेलं होतं. सुधाचं लग्न पुढं वर्ष-दीड वर्षानं बुऱ्हाणपूरला झालं. स्थळ बरं मिळालं असं ऐकलं. लग्नाचे कपडे आमच्याकडं आले नाहीत.

मग मध्यभारतही संपलं. मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली आणि दोन गावांतली ती ये-जा कायमची थांबली. भास्कररावांच्या घरातलं सामान बांधलं जाऊ लागलं. त्याच दिवसांत एका दुपारी भास्कररावांच्या मंडळी दुकानात आल्या. एकट्या. तोवर त्या माझ्या दुकानाची पायरी चढल्या नव्हत्या. जवळून पाहिल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती त्यांचे खांदे. अरुंद, तेरा इंचांच्या वर नाहीत. डोळ्यांवर जाड काचांचा चष्मा.

त्यांनी बोचकं सोडलं. सहा पोलकी होती, सगळी माझ्या हातची.

“मास्टर, ही पाच उसवून द्या. भोपाळला क्वार्टर मिळून राहिलंय, भिंतीला भिंत लागून. तिथं नाही नेता येणार. सुधाच्या मुलीला झबली होतील.”

मी ब्लेड घेऊन उसवायला बसलो. स्वतःचं काम उसवणं शिंप्याला नवं नसतं, पण ते चुकलेलं असतं म्हणून उसवतो. इथं एकही टाका चुकलेला नव्हता. त्या समोरच्या बाकावर बसून होत्या. शेवटी मी मान वर न करता म्हणालो, “वहिनी, माझं चुकलं. तुमच्यापासून लपून जे होतं, ते मी असं बाजारात—”

“माझ्यापासून काय लपून होतं?”

मी ब्लेड मेजावर ठेवलं.

“पहिलं पोलकं कुणी शिवलं होतं, असं वाटलं तुम्हाला? मापाला आणलं होतं ते?” त्या म्हणाल्या. “सगळं हातानं. डावा खांदा मी घेतला होता. लग्न झाल्याच्या दुसऱ्या वर्षापासून मीच शिवायची. मग माझी नजर उतरत गेली, अख्खं पोलकं शिवणं होईना. हे म्हणाले, राहू दे आता, शिंपी ओळखेल. मी म्हटलं, ओळखू दे. रामभाऊ कुणाचं कुणाला सांगत नाहीत.”

त्या हे शांतपणे बोलल्या. मला ते बारीक टाके आठवले. मी शिंपी, टाक्यावरून हात ओळखणारा, आणि ते टाके कुणा बाईचे असतील, का घातले असतील, हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता. मला वाटलं होतं, मी त्यांचं खोटं पकडलंय आणि मोठ्या मनानं सांभाळतोय. खोटं काही नव्हतंच. नवरा-बायकोनं विचार करून, गावातल्या इतक्या दुकानांतून माझं दुकान निवडलं होतं, आणि ते कुणाच्या भरवशावर, तर या बाईनं माझ्या वतीनं दिलेल्या शब्दावर. लाल खणही त्यांनीच निवडला होता.

मला रडू येत होतं आणि त्यांच्यासमोर रडायचाही मला हक्क नव्हता. पाच पोलक्यांचं कापड सुटं करून, इस्त्री फिरवून मी घडी घातली. शिवणीच्या जागी सुईची भोकं राहिली होती, ती इस्त्रीनं जात नाहीत.

सहावं पोलकं लाल खणाचं होतं.

“हे उसवायचं नाही,” त्या म्हणाल्या. “हे नेणार आहे. याची बगल गेलीय, तेवढी नीट करा.”

बगल पाहिली. आतून अस्तर घेऊन, काठ न हलवता काम करायला हवं होतं. घाईचं काम नव्हतं. मी म्हणालो, “ठेवून जा, वहिनी. संध्याकाळी मी स्वतः आणून देतो.”

“नको. मी बसते.”

त्या बसल्या. मी दोनदा उसवून पुन्हा शिवलं. उन्हं समोरच्या भिंतीवर चढली तरी त्या तिथंच होत्या, चष्म्यातून माझ्या हातातल्या पोलक्याकडं बघत. झाल्यावर त्यांनी शिवणीवरून अंगठा फिरवला, पोलकं पदराखाली घेतलं आणि पायऱ्या उतरून गेल्या. वरच्या फळीवर ते फडकं बांधलेलं होतं, त्यात गल्लीतल्या चार-पाच घरांची पोलकी होती. माझ्या दुकानात पोलकं ठेवून जायला नको म्हणणारी बाई मला त्याआधी कधी भेटली नव्हती.